साठी, बुद्धी आणि स्मृती

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिंदीतही 'सठियाना' हा शब्द त्याच अर्थाने रूढ आहे. धार-देवासकडील आपल्या मराठी घरांत दोन्ही भाषा नांदत असल्यामुळे हा टोमणा वडीलधाऱ्यांस दोन्हीकडून ऐकावा लागतो. म्हण विनोदाने वापरली तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे एक घातक समजूत घरोघर पक्की बसली आहे. ती अशी की, वय झाले की माणूस विसरणारच, त्याला औषध नाही आणि उपायही नाही. ह्या समजुतीपायी बरे होण्याजोगी दुखणी अंगावर काढली जातात, आणि बरे न होणाऱ्या दुखण्यात रुग्णाच्या वाट्याला शुश्रूषेऐवजी बोलणी येतात.

म्हणीचा खरेखोटेपणा आधी आकड्यांनी पाहू. आपल्या देशातील वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे ७.४ जणांस स्मृतिभ्रंशाचा रोग असावा, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लक्ष माणसे ह्या रोगाने ग्रस्त असावीत, असा अंदाज तीत निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. आकडा मोठा आहे खरा. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. शंभरांतील ब्याण्णवांहून अधिक माणसांची बुद्धी साठीनंतरही नाठी झालेली नाही! तेव्हा विस्मृती हा वार्धक्याचा नियम नव्हे. तो रोग आहे, आणि रोगाचा विचार रोगासारखाच केला पाहिजे.

साधे विसरणे व रोगाचे विसरणे

वयाबरोबर मेंदूचा वेग थोडा मंदावतो. परिचिताचे नाव चटकन ओठांवर येत नाही, चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर कशासाठी आलो ह्याचा विचार करावा लागतो. थोड्या वेळाने आठवण होते, किंवा कोणी खूण सांगितली की लगेच उलगडा होतो. ह्याने भिण्याचे कारण नाही.

रोगाची लक्षणे निराळी आहेत. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे साधे; चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे हे रोगाचे. लग्नाच्या बोलावण्याची तारीख विसरणे साधे. त्या लग्नास आपण जाऊन आलो हेच न आठवणे हे रोगाचे. एकच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणे, चाळीस वर्षे ज्या गल्लीत राहिलो तेथेच वाट चुकणे, नेहमीच्या आमटीची कृती मध्येच अडणे, दुकानदाराशी हिशेब करताना गोंधळणे, आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणता न येणे, शब्द न सुचून 'ते... ते आपले...' असे वारंवार होणे, ही चिन्हे सहा महिने किंवा अधिक काळ वाढत्या प्रमाणात दिसली तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. बहुधा विसरणाऱ्यापेक्षा घरच्यांनाच हा फरक आधी कळतो. 'मी विसरतो हो फार' अशी तक्रार करीत स्वतः डॉक्टरांकडे येणाऱ्यापेक्षा 'मला काहीही झालेले नाही' म्हणून रागावणाऱ्याची काळजी अधिक करावी.

सर्वच प्रकारांचा आरंभ विस्मरणाने होतो असेही नाही. काहींच्या बाबतीत प्रथम स्वभाव पालटतो. आयुष्यभर मर्यादेने वागलेला मनुष्य भलतेच बोलू लागतो. काहींना नसलेली माणसे किंवा जनावरे खोलीत दिसतात. अशा वेळी बाहेरची बाधा समजून दृष्ट काढीत बसण्यात महिने जातात. दृष्ट काढल्याने हानी नाही. वेळ दवडण्याने मात्र आहे.

मेंदूत काय घडते

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे आउगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीस रुग्णालयात आणले गेले. तिला पतीचे नाव नीट सांगता येईना, वस्तू दाखवून काढून घेतली की काय पाहिले ते आठवेना. आपण स्वतःच हरवलो आहोत असे ती म्हणे. डॉक्टर आलोइस आल्झायमर ह्यांनी तिची उत्तरे टिपून ठेवली. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगन येथे डॉक्टरांच्या सभेत आपले निष्कर्ष मांडले. मेंदूच्या पेशींबाहेर एका प्रथिनाची पुटे साचली होती आणि पेशींच्या आत दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंची गुंतवळ झाली होती. पुढे १९१० साली ह्या रोगास आल्झायमरचेच नाव मिळाले.

स्मृतिभ्रंश, ज्यास डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांच्या परिणामाचे नाव आहे. त्यांत आल्झायमरचा रोग सर्वांत अधिक आढळतो. त्याच्या खालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने येणारा प्रकार. लहानमोठे पक्षाघाताचे झटके आणि वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब त्याच्या मुळाशी असतात. पुष्कळ वृद्धांत हे दोन्ही एकत्रच असतात.

आल्झायमरच्या रोगात बहुधा प्रथम धक्का बसतो तो मेंदूच्या आतील बाजूच्या एका लहानशा भागास. नव्या गोष्टींची नोंद करून घेणे हे ह्या भागाचे काम. दौलतीचा कारकून आजारी पडला तर नव्या नोंदी थांबतात, पण जुनी दप्तरे कपाटात शाबूत राहतात, तसेच येथे होते. फ्रेंच विद्वान रिबो ह्यांनी १८८१ सालीच हा क्रम सांगितला होता : नवे आधी जाते, जुने नंतर. म्हणूनच दुपारी जेवलो की नाही हे ज्या आजोबांस सांगता येत नाही, ते पावकी-निमकी, अडीचकी आणि औटकी धडाधड म्हणून दाखवितात. आणि नातवाचे नाव विसरणारी आजी भूपाळी लागली की शेवटच्या कडव्यापर्यंत साथ करते. घरच्यांना वाटते, 'हे सोयीस्कर तेवढेच विसरतात, ढोंग आहे.' ते ढोंग नव्हे. पाढे आणि भूपाळी पन्नास-साठ वर्षांपूर्वी कपाटात ठेवलेली आहेत; दुपारचे जेवण कपाटापर्यंत पोचलेच नाही.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश होतो असे सांगितले आहे. तेथे क्रोध आणि मोह ह्यांची परंपरा आहे, त्यामुळे काही भाविक मंडळी हा रोग म्हणजे मनोविकारांचे फळ समजतात. पण तेथील 'स्मृती' म्हणजे विवेकाचे भान, आणि हा रोग म्हणजे मेंदूच्या पेशींचा क्षय. शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. रुग्णाच्या शीलावर ह्या रोगाने काहीही ठपका येत नाही, हे ध्यानी ठेवावे.

बरे होण्याजोगे विस्मरण

ह्या लेखातील सर्वांत उपयोगाचा भाग हाच होय. विसरणाऱ्या प्रत्येकास स्मृतिभ्रंशाचा रोग झालेला नसतो. काही कारणे साध्या तपासणीने सापडतात आणि उपचाराने सुधारतात.

पहिले कारण ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव. हे सत्त्व वनस्पतीत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस ह्यांतूनच मिळते. शुद्ध शाकाहारी आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या वृद्धांस ते कमी पडते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम वयाच्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशांत हे सत्त्व कमी आढळले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने ही उणीव वाढते. रक्ताच्या एका तपासणीने ती कळते आणि गोळ्यांनी वा इंजेक्शनांनी भरून निघते. फार उशीर झाला तर मात्र मज्जातंतूंची हानी पुरती भरून येत नाही.

दुसरे कारण थायरॉईड ग्रंथी मंदावणे. तिसरे, मनाची खिन्नता. जोडीदार गेल्यावर किंवा मुले परगावी गेल्यावर वृद्ध माणूस अबोल होतो, लक्ष लागत नाही, विसरतो; हे पुष्कळदा नैराश्य असते आणि उपचाराने हटते. चौथे, औषधांचा परिणाम. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरील काही जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवीच्या तक्रारीवरील काही औषधे वृद्धांच्या डोक्यात गोंधळ करतात. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. वैद्यांचे काढे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यांत असाव्यात. पाचवे, डोक्यास लागलेला मार. न्हाणीघरात घसरून पडल्यावर कधी कधी काही आठवड्यांनी मेंदूभोवती रक्त साचते आणि वृद्ध माणूस हळूहळू सुस्त व गोंधळलेला होतो. छायाचित्र काढून वेळीच उपाय केला तर तो पूर्ववत होऊ शकतो.

आणखी एक खूण सर्वांनी पाठ करावी. विस्मरण वर्षा-दोन वर्षांत हळूहळू वाढले तर तो स्मृतिभ्रंश असू शकेल. पण कालपर्यंत ठीक असलेला वृद्ध एक-दोन दिवसांत बरळू लागला, दिवस-रात्र ओळखेनासा झाला, तर तो तातडीचा आजार समजावा. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी वा मीठ कमी होणे, साखर उतरणे अशी कारणे त्यामागे असतात. 'वयच झाले आता' म्हणून सकाळची वाट पाहू नये. धार व देवास दोन्हीकडे जिल्हा रुग्णालय आहे, आणि मेंदूच्या विशेष तपासणीसाठी इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय दोन्ही गावांहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.

काय टाळता येण्याजोगे आहे

आल्झायमरच्या रोगास मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिलसारखी औषधे काही रुग्णांत काही काळ थोडा आधार देतात. मेंदूतील पुटे हटविणाऱ्या लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ह्या नव्या औषधांस अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ साली पूर्ण मान्यता मिळाली. ती रोगाची गती काहीशी कमी करतात, परंतु आरंभीच्या अवस्थेतच, आणि मेंदूस सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने सतत देखरेखीखालीच द्यावी लागतात. तेव्हा मुख्य भर प्रतिबंधावर हवा.

'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली असा अभिप्राय दिला की, जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश चौदा कारणांशी निगडित आहे आणि ही कारणे निदान तत्त्वतः तरी दूर करण्याजोगी आहेत. ती अशी : लहानपणी शिक्षण कमी मिळणे, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, धूम्रपान, लठ्ठपणा, नैराश्य, व्यायामाचा अभाव, मधुमेह, अति मद्यपान, डोक्यास मार, हवेचे प्रदूषण, एकलकोंडेपणा, रक्तातील अपायकारक चरबी आणि दुर्लक्षिलेला दृष्टिदोष. बाकी उरलेल्या भागात वय आणि आनुवंशिकता ह्यांचा वाटा आहे. म्हणून जपूनही एखाद्यास रोग झाला तर त्याच्या आयुष्यभराच्या सवयींना नावे ठेवू नयेत.

ह्यांतील तीन बाबी आपल्या मंडळींसाठी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली, रक्तदाब. चीनमधील खेड्यांत सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांवर चार वर्षे प्रयोग झाला. काही गावांत तेथील साध्या ग्रामवैद्यकांनी गोळ्या वेळच्या वेळी देऊन रक्तदाब कसोशीने ताब्यात ठेवला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत स्मृतिभ्रंश सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला. मोठे इस्पितळ नाही, महाग यंत्र नाही. नियम तेवढा पाळला गेला. आपल्याकडे मात्र 'डोके दुखत नाही' म्हणून गोळी बंद करणारे घरोघर आहेत. रक्तदाब दुखत नाही, हीच तर त्याची खोड. माळव्याची शेव, पापड, लोणचे आणि नमकीन ह्यांतील मिठाचाही हिशेब ठेवावा. सकाळचे पोहे जरूर खावेत. रोजची जिलेबी आणि वर मूठभर शेव सणावारी ठेवावी.

दुसरी, कान. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीतून उठतो, मग बैठकीस जाणेच सोडतो, आणि मेंदूस मिळणारा खुराक आटतो. अमेरिकेत ९७७ वृद्धांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली आले. सर्वांचा मिळून फरक दिसला नाही. परंतु ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्यांच्यात, श्रवणयंत्र वापरल्याने तीन वर्षांतील बुद्धीची घसरण सुमारे निम्म्यावर आली. चष्मा लावण्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मग कानाच्या यंत्राचीच लाज का धरावी? मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही 'पुढच्या वर्षी' म्हणून लांबवू नये.

तिसरी, चालणे व मिसळणे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १२६० माणसांपैकी सुमारे निम्म्यांस दोन वर्षे योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असा चौफेर कार्यक्रम दिला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणे त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली टिकली. आपणांस त्यासाठी फिनलंडला जाण्याची गरज नाही. देवासकरांस टेकडी आहे, धारकरांस तलावाची पाळ आहे. जमेल तेवढे रोज चालावे, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने, म्हणजे पाय आणि जीभ दोन्ही चालतील. गुडघे दुखणाऱ्यांनी अंगणात फेऱ्या माराव्यात. पेटी, भजन, बुद्धिबळ, विणकाम, शब्दकोडे ह्यांतील काय करावे ह्यापेक्षा नवे काही शिकत राहावे हे महत्त्वाचे. रोज तेच कोडे सोडविणे म्हणजे रोज तोच जिना चढणे; मधून मधून नवा जिनाही चढावा.

दोन भाषांचे देणे

आता माळव्यातील मराठी माणसास जी गोष्ट अगदी जवळची आहे तिच्याकडे वळू. अठराव्या शतकात पवारांबरोबर आपले पूर्वज इकडे आले. धारला एक गादी झाली, देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पाती झाल्या. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आली. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात माळवी अशी तिहेरी वहिवाट आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे.

हैदराबादच्या निजाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. तेथेही तेलुगू, उर्दू, हिंदी अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाचा आरंभ सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला, असे त्यांना दिसले. आणि विशेष म्हणजे जे निरक्षर होते त्यांच्यातही हा फरक आढळला. सर्वच देशांतील अभ्यासांत असा निष्कर्ष निघालेला नाही, आणि दोन भाषांनी रोग टळतो असेही कोणी म्हणत नाही; परंतु तो लांबतो ह्यास ह्या अभ्यासाने मोठे बळ दिले. एका भाषेस आवर घालून दुसरी पुढे आणण्याचा मेंदूस जन्मभर सराव होतो, हे त्याचे कारण असावे. शिक्षण म्हणजे केवळ शाळा नव्हे, हेही त्यावरून ध्यानात येते. पंडित कुमार गंधर्वांनी देवास येथे आजारपणाच्या काळात ज्या माळवी लोकगीतांचा ध्यास घेतला, ती गीते गावोगावच्या स्त्रियांनी कागदावर नव्हे, कंठात जतन केली होती.

परंतु ह्या देण्याला एक दुःखद बाजूही आहे. रोग वाढला की मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी मागे सरते आणि आईची भाषा उरते. जन्मभर हिंदीतून नोकरी केलेले आजोबा अखेरीस मराठीतच बोलू लागतात. पाणी मागतात तेही मराठीत. रुग्णालयातील परिचारिकेस ते कळत नाही, आणि आज पुष्कळ घरांत नातवंडांसही नीट कळत नाही. तहान सांगता येते पण ऐकणाऱ्यास उमगत नाही, ह्याहून मोठे एकाकीपण कोणते? नातवंडांनी मराठी शिकावी असे आपण संस्कृतीच्या नावाने म्हणतो; ते ठीकच आहे. पण आजीच्या अखेरच्या दिवसांत तिचे बोलणे समजावे, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ती शिकण्याजोगी आहे. इंदूरच्या रुग्णालयात वृद्धांबरोबर जाणाऱ्याने रुग्णाची भाषा मराठी आहे हे आरंभीच सांगावे. नाहीतर हिंदीतील प्रश्नांस उत्तर न आल्याने रोग आहे त्याहून अधिक दिसतो.

घरात कसे वागावे

रुग्णास मूल समजू नये. त्याचा मान शाबूत ठेवावा. 'अहो आई', 'काका', 'दादासाहेब' अशी जी हाक पूर्वी होती तीच ठेवावी. 'ओळखा पाहू मी कोण?' अशी परीक्षा पाहुण्यांनी घेऊ नये. ओळख पटली नाही की रुग्ण ओशाळतो, आणि पुढच्या वेळी खोलीत लपून बसतो. त्यापेक्षा 'आत्याबाई, मी मधल्या दादांचा मुलगा, भेटायला आलो' असे आपणच सांगून टाकावे.

वाद घालू नये. ऐंशीच्या घरातील सासूबाई सायंकाळी म्हणतात, 'माझी आई अजून न्यायला आली नाही.' 'तुमच्या आईंना जाऊन चाळीस वर्षे झाली' असे सांगितले तर त्या क्षणी त्यांची आई पुन्हा मरते आणि त्या नव्याने रडतात. त्याऐवजी सुनेने म्हणावे, 'आई, तुमच्या आई पुरण कसे करीत, ते सांगा ना मला.' त्या सांगू लागतात आणि जीव शांत होतो. हे खोटे बोलणे नव्हे; त्या ज्या काळात बसल्या आहेत तेथे जाऊन त्यांच्याशेजारी बसणे आहे.

दिवेलागणीच्या वेळी पुष्कळ रुग्ण बेचैन होतात. म्हणून दिवे थोडे आधीच लावावेत, आणि दुपारची झोप बेताची असू द्यावी. स्नान, जेवण, देवपूजा ह्यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. कपाटावर व शौचगृहाच्या दारावर ठळक देवनागरीत पाट्या लावाव्यात. रात्री मंद दिवा, न्हाणीघरात धरावयास दांडी, गॅसची कळ बंद ठेवण्याची सवय, आणि खिशात वा गळ्यात नाव-पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड असावे.

सर्वांत अवघड प्रसंग आरोपाचा. 'सुनेने माझी पेटी उघडली, बांगड्या नेल्या' असे सासूबाई शेजारणीस सांगतात. वस्तू स्वतः ठेवून विसरणे आणि मग ती चोरीस गेली असे वाटणे, हे ह्या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे. जी सर्वांत जवळ असते, जी भरविते, न्हाऊ घालते, तिच्यावरच आळ येतो. ह्या एका गोष्टीच्या अज्ञानापायी कितीतरी घरांत कायमची फूट पडली आहे. परगावच्या लेकींनी व दिरांनी दूरध्वनीवर असे ऐकले की लगेच न्यायनिवाडा करू नये. आधी ही ओळ पुन्हा वाचावी.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 'अस्तु' हा २०१३ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. संस्कृतचा थोर पंडित ह्या रोगाने सारे विसरतो आणि एका हत्तीमागे चालत जाऊन हरवतो. ती भूमिका डॉ. मोहन आगाशे ह्यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या पंडितास माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. रोगाचे नाव तिला ठाऊक नाही. भुकेल्यास जेवू घालावे एवढे ठाऊक आहे. ह्या भूमिकेसाठी अमृता सुभाष ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सांभाळणाऱ्यांचा सांभाळ व काही व्यवहार

हा आजार वर्षानुवर्षे चालतो, आणि त्याचा भार बहुतेक घरांत एकाच बाईवर पडतो. ती पत्नी असते किंवा सून. तिची झोप जाते, माहेर तुटते, लग्नकार्यास जाणे सुटते. 'तू करतेसच छान' ही प्रशंसा तिला विश्रांती देत नाही. पुण्या-बंगळूरच्या किंवा परदेशातील भावंडांनी पैसे पाठवावेतच. पण वर्षातून पंधरा दिवस रजा काढून येऊन स्वतः सांभाळावे आणि त्या पंधरा दिवसांत तिला बाहेर पाठवावे.

व्यवहाराच्या गोष्टी आरंभीच उरकाव्यात. मृत्युपत्र करणाऱ्याचे चित्त ठिकाणावर असावे लागते. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची चिंता मिटली, असा पुष्कळांचा समज आहे. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारी देणाऱ्याचे चित्त बिघडले की ती मुखत्यारीच संपते. म्हणून मृत्युपत्र, बँकेतील जोडखाते, नामनिर्देशन ही कामे रुग्ण स्वतः समजून सही करू शकतो तोवर, सर्व मुलांच्या देखत करावीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचारांविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. दुसरा सांभाळणाऱ्यांनीही वापरावा.

आपल्या संस्थेपुढील काम

महोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो, तसा पुढचे काम ठरविण्याचाही. शिष्यवृत्त्या आणि सभागृहे ह्यांबरोबरच आता आपल्या घरांतील वृद्धांकडे पाहण्याची वेळ आली आहे, कारण तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर आणि वडीलधारी माणसे गावी, हे चित्र घराघरांत दिसते. फार खर्चाचे असे काही सुचवीत नाही. वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर, ब-१२, कान आणि डोळे ह्यांची तपासणी व्हावी. आठवड्यातून एक दिवस वृद्धांची बैठक भरावी. तीत भजन, वाचन, पाढे, बुद्धिबळ जे जमेल ते असावे, आणि ज्यांना एकट्याने येता येत नाही त्यांना आणण्यासाठी तरुणांनी पाळी लावून घ्यावी. ज्या घरी असा रुग्ण आहे तेथे आठवड्यातून दोन तास जाऊन बसतील अशा दहा माणसांची यादी संस्थेच्या कार्यालयात असावी. तेवढ्या दोन तासांत त्या घरची बाई देवळात जाऊन येईल, किंवा नुसती निवांत झोपेल. रुग्णालयात मराठी रुग्णाबरोबर थांबणारे सोबती ह्याच यादीतून मिळतील. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांनी वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच मराठीत ऐकून वहीत लिहून घ्याव्यात. त्याने मुलांची भाषा सुधारेल, वृद्धांचा मेंदू कामाला लागेल, आणि पुढे एखाद्याची स्मृती गेलीच तर त्याची गोष्ट त्यालाच वाचून दाखविता येईल.

त्या यादीत पहिली दहा नावे कोणाची, एवढेच आता ठरावयाचे आहे.